घराबाहेर, नैसर्गिक प्रकाशात कृष्णधवल व्यक्तिचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागा निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि कोणत्या बाजूने येत नाही, एवढेच आधी पाहावे. रंगीत छायाचित्रात लाल पातळ, निळा दरवाजा, हिरवे शेत अशा गोष्टी चित्राला आधार देतात. कृष्णधवल चित्रात चेहऱ्याचा आकार केवळ उजेड आणि सावली यांनीच घडतो, त्यामुळे चारही बाजूंनी सारखा उजेड पडला तर नाक, गाल आणि हनुवटी एकाच करड्या पट्ट्यात मिसळून जातात.

आपल्याकडे यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे जुन्या घराची ओसरी किंवा पडवी. वरचे छप्पर डोक्यावरून येणारा प्रकाश अडवते, अंगणाकडून मोकळ्या आकाशाचा मऊ प्रकाश समोरून येतो आणि मागचा अंधारा सोपा आपोआप काळी पार्श्वभूमी होतो. माणसाला ओसरीच्या कडेपासून हात-दीड हात आत बसवावे आणि चेहरा अंगणाकडे सरळ न ठेवता थोडा तिरका ठेवावा. तो जसजसा आत सरकेल, तसतसा उजेड कमी होतो, पण त्याला दिशा येते. शहरात हेच काम इमारतीचा पोर्च, जिन्याखालची कमान किंवा बंद दुकानासमोरचे छज्जे करतात.

नवख्या जागी मी एक साधी चाचणी करतो. स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरतो आणि बोटांच्या पेरांमधल्या खळग्यांकडे पाहतो. ज्या दिशेला खळगे भरीव दिसतात, पण पूर्ण काळे होत नाहीत, त्या दिशेला माणसाचा चेहरा ठेवावा.

उत्तरेकडचा प्रकाश सर्वांत चांगला असे म्हणतात. ते आपल्याकडे लागू होते का?

वर्षातील बराच काळ होते, पण बारा महिने नाही. हा नियम युरोपातील चित्रकारांच्या कार्यशाळांमधून आला. तेथे भरदुपारी सूर्य कायम दक्षिणेकडे असतो. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर मात्र मे महिन्याच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्यानंतर जुलै अखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. जूनमध्ये तो उगवतो तोच पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकून, आणि मावळतोही तसाच. त्यामुळे उत्तराभिमुख ओसरीवर त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात मात्र उत्तरेचा प्रकाश दिवसभर स्थिर आणि मऊ मिळतो.

कोणता ऋतू आणि कोणती वेळ निवडावी?

डिसेंबरमध्ये पुण्यात भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत पडणारी सावली उन्हाळ्याइतकी गडद नसते. नोव्हेंबर ते जानेवारीतील सकाळी नऊपर्यंतचा आणि दुपारी साडेचारनंतरचा काळ मला सर्वांत जवळचा वाटतो. उन्हाळ्यात सूर्य वेगाने वर चढतो आणि सकाळची मऊ वेळ उगवतीनंतर तासाभरातच संपते, म्हणून माणूस येण्याआधी जागा ठरलेली असावी.

पावसाळ्याविषयी एक गैरसमज आहे. ढगाळ आकाश म्हणजे मऊ प्रकाश हे खरे, पण तो सर्वांत जास्त वरूनच येतो. उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचे कपाळ उजळते आणि डोळे काळवंडतात. शिवाय मागे आकाश आले तर ते छायाचित्रात कोऱ्या कागदासारखे पांढरे उमटते. अशा दिवशी माणसाला वळचणीखाली किंवा दाट झाडाच्या कडेला घ्यावे. ओल्या काळ्या पाषाणाची भिंत मिळाली तर पाहायलाच नको. कोरडी असताना करडा दिसणारा बेसाल्ट भिजल्यावर जवळजवळ काळा होतो आणि त्यापुढे चेहरा उठून दिसतो. कोकणातील जांभ्याची भिंतही भिजल्यावर अशीच गडद होते, पण तिची छिद्रे पार्श्वभूमीत फार बोलतात, म्हणून माणूस भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे घ्यावा.

भरदुपारीच छायाचित्र काढावे लागले तर?

सावली शोधावी. दोन घरांमधला बोळ असेल आणि त्याच्या तोंडाशी उन्हाने तापलेली चुन्याची पांढरी भिंत असेल, तर तिच्यावरून परतणारा प्रकाश एखाद्या मोठ्या स्टुडिओ लाइटइतका सुंदर असतो. आंब्याखाली किंवा वडाखाली बसवताना पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर येत नाहीत ना, हे नीट पाहावे. असा एक कवडसा गालावर आला की तो तीन-चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे) अधिक उजळ असतो आणि नंतर काही केल्या जात नाही. झाडाखाली चेहऱ्यावर येणारी हिरवी झाक रंगीत छायाचित्र बिघडवते, कृष्णधवल चित्रात मात्र तिची अडचण होत नाही.

पांढरी टोपी आणि सावळा चेहरा असेल तर एक्सपोजर कसे ठरवावे?

महाराष्ट्रात व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो आणि बहुतेक चुका इथेच होतात. एखादे वारकरी बाबा झाडाच्या सावलीत टेकले आहेत असे समजा. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी आणि चेहरा आयुष्यभराच्या उन्हाने रापलेला. धुतलेले पांढरे सुती कापड आणि सावळी त्वचा यांच्यात एकाच प्रकाशात साधारण तीन स्टॉपचे अंतर असते. कॅमेऱ्याचे मीटर समोर दिसेल ते मध्यम करडे करू पाहते. सदरा-टोपीने चौकट भरली की ते एक्सपोजर, म्हणजे चित्रासाठी आत घेतलेला उजेड, खाली ओढते, टोपी करडी होते आणि चेहरा काजळीसारखा होतो.

यासाठी स्पॉट मीटर (चौकटीतील एका लहानशा जागेचाच उजेड मोजणारे मीटर) थेट गालाच्या उजेडातील भागावर धरावे. मीटर जे सांगेल त्याने तो गाल मध्यम करडा येईल. गव्हाळ त्वचेला हे माप बहुधा जुळते, गोऱ्या त्वचेला एक स्टॉप जास्त द्यावा आणि खूप सावळ्या त्वचेला अर्धा ते एक स्टॉप कमी. त्यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, पाहावा. टोपीची टोके उजव्या भिंतीला चिकटली असतील तर तिसरा हिस्सा स्टॉप खाली यावे, कारण टोपीच्या कापडाची वीण दिसलीच पाहिजे. वीण दिसली नाही तर टोपीच्या जागी कागदाला भोक पडल्यासारखे वाटते.

स्पॉट मीटर नसेल तर आपला तळहात माणसाच्या चेहऱ्याजवळ त्याच प्रकाशात धरून मोजावा. तळहात साधारण मध्यम करड्यापेक्षा एक स्टॉप उजळ असतो, म्हणून आलेल्या मापापेक्षा एक स्टॉप जास्त द्यावा. कोणाचाही वर्ण कसाही असला तरी तळव्यांत फार फरक नसतो, म्हणून ही युक्ती सहसा फसत नाही.

मीटरच नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यासाठी स्वच्छ उन्हात अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/१६ आणि शटर आयएसओच्या (फिल्मच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या) आकड्याइतके, म्हणजे ४०० च्या फिल्मला सेकंदाचा १/४०० किंवा जवळचा १/५००, हा जुना नियम आजही उपयोगी आहे. मोकळ्या सावलीत तेच शटर ठेवून एफ/५.६ पासून सुरुवात करावी. ओसरीच्या आत आणखी एक-दोन स्टॉप लागतात.

त्वचा थोडी उजळ केली तर लोकांना आवडते. करावी का?

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्या गडदपणात आणि त्या गडदपणावर उमटणाऱ्या चमकेत असते. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर आणि कपाळावर प्रकाशाची एक बारीक रेषा येते आणि तिच्यामुळे चेहऱ्याची घडण कळते. संपूर्ण चेहरा एका स्टॉपने उजळ केला की ती रेषा आजूबाजूच्या करड्यात विरघळते आणि चेहरा पिठूळ दिसतो. लोक 'उजळ' मागतात तेव्हा त्यांना बहुधा 'स्पष्ट' म्हणायचे असते. डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका आणून, चेहऱ्याच्या एका बाजूला पांढरे कापड धरून आणि पार्श्वभूमी गडद करून ही स्पष्टता मिळते, वर्ण बदलावा लागत नाही. मोबाइलमधील त्वचा गुळगुळीत करणारी 'ब्यूटी' सेटिंग तर आधीच पूर्ण बंद करावी. घामाची चमक नकोशी वाटली तर कोरड्या सुती फडक्याने हलके टिपावे. पावडर लावू नये, ती करड्या छटेत राखेसारखी दिसते.

रंगांचे करड्यात रूपांतर करताना काय बिघडते?

काही वर्षांपूर्वी एका वयस्कर बाईंचे व्यक्तिचित्र मी त्यांच्या अंगणात काढले होते. हिरवी नऊवारी, नाकात नथ आणि कपाळावर रुपयाएवढे कुंकू. चेहऱ्यावरचे डाग कमी दिसावेत म्हणून संगणकावर रूपांतर करताना मी तांबडा रंग बराच वर नेला आणि त्वचा छान नितळ झाली. छापील प्रत हातात घेतल्यावर त्यांनी चित्र बराच वेळ निरखले आणि विचारले, "माझं कुंकू कुठंय?" ते खरोखरच नव्हते. तांबड्याबरोबर कुंकूही उजळले होते आणि कपाळाच्या छटेत मिसळून गेले होते. त्यांच्या दृष्टीने ती किती मोठी चूक होती हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजले. मी ती प्रत परत घेतली आणि दुसरी करून दिली.

घडले ते असे. आपल्या त्वचेत, मग ती गोरी असो की सावळी, तांबडा आणि नारिंगी अंश जास्त असतो. तांबडा फिल्टर किंवा तांबडा चॅनेल (चित्रातील फक्त तांबड्या प्रकाशाची नोंद) वापरला की त्वचा, ओठ, मुरमे, कुंकू हे सगळे एकत्र उजळते. उलट निळा चॅनेल वापरला की हे सगळे काळवंडते आणि प्रत्येक डाग व सुरकुती ठळक होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा प्रकाश दिसतच नसे, त्यामुळे त्या काळच्या चित्रांत ओठ काळे दिसतात. सर्वसाधारण रूपांतरात प्रकाशाच्या तीव्रतेसाठी हिरव्याला सुमारे ७२, तांबड्याला २१ आणि निळ्याला ७ टक्के वजन दिलेले असते. म्हणून शुद्ध तांबडा रंग डोळ्यांना कितीही भडक वाटला, तरी या पद्धतीत तो बराच गडद येतो, आणि गडद हिरव्या साडीचे तांबडे काठ साडीच्याच छटेत हरवू शकतात.

उपाय असा की संगणकावर रूपांतर करताना तांबडा आणि नारिंगी या रंगांच्या दोन सरकत्या पट्ट्या वेगळ्या हाताळाव्यात. नारिंगी किंचित वर नेली की त्वचा खुलते आणि तांबडी खाली आणली की कुंकू व ओठ गडद राहतात. दोन्हींत फार अंतर ठेवू नये, नाहीतर ओठांच्या कडांवर आणि गालांवर डागडाग दिसू लागतात. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) असेल तर व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळवणी) बदलल्यानेही करड्या छटा बदलतात, म्हणून तो आधी ठरवून मगच पट्ट्यांना हात लावावा.

मग कॅमेऱ्यातच मोनोक्रोम निवडावे की नंतर रूपांतर करावे?

दोन्ही एकत्र करावे. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवावा आणि फाइल रॉ किंवा रॉ अधिक जेपेग घ्यावी. पडद्यावर चित्र करड्या छटांत दिसते, त्यामुळे रंगांनी लक्ष विचलित होत नाही. रॉमध्ये मात्र सगळे रंग शाबूत राहतात. नुसते मोनोक्रोम जेपेग घेतले तर वर सांगितलेली कुंकवाची दुरुस्ती करताच येत नाही. केवळ मोनोक्रोम सेन्सर असलेले कॅमेरेही मिळतात, लायका कंपनीने आपला असा पहिला कॅमेरा २०१२ मध्ये आणला. त्यांच्यात बारकावे फार सुंदर येतात, पण रंगांची माहितीच नसल्याने फिल्टर काचेचाच लावावा लागतो, आणि उजळ भाग एकदा जळाला की तो परत मिळत नाही.

फिल्मवर कोणता फिल्टर लावावा?

चेहऱ्यासाठी पिवळा किंवा पिवळा-हिरवा. पिवळ्याला साधारण एक स्टॉप जास्त लागतो. पिवळा-हिरवा ओठ आणि त्वचा किंचित गडद करून चेहऱ्याला भरीवपणा देतो. तांबडा फिल्टर आकाश नाट्यमय करतो, पण तो सुमारे तीन स्टॉप खातो आणि चेहऱ्याचे काय करतो ते वर आलेच आहे.

रिफ्लेक्टर विकत घ्यावा लागेल का?

नाही. पांढऱ्या थर्माकोलचा दोन फुटी तुकडा किंवा धुतलेले पांढरे धोतर पुरते. खाली शेणाने सारवलेले अंगण असेल तर जमिनीवरून फारसा प्रकाश परत येत नाही, म्हणून हनुवटीखाली गडद सावली दिसते. अशा वेळी माणसाच्या मांडीवर किंवा पायांपुढे धोतर पसरावे. उजेड नाकाखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत हळूच पोहोचतो. चंदेरी रिफ्लेक्टर मी उन्हात शक्यतो वापरत नाही, कारण त्याचा झोत डोळ्यांत जातो आणि माणूस डोळे बारीक करतो.

उजेड वाढवण्यापेक्षा कमी करणे कृष्णधवल चित्रात अधिक उपयोगी पडते, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष नसते. चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली हवी, त्या बाजूला काळी वस्तू जवळ आणली की तिकडून परतणारा प्रकाश बंद होतो आणि गालाला उतार येतो. यासाठी मी घोंगडी वापरतो. जाडीभरडी काळी लोकर प्रकाश अक्षरशः पिऊन टाकते. एखाद्याने घोंगडी दोन्ही हातांनी ताणून माणसाच्या कानापासून फूटभर अंतरावर धरली, की पाहता पाहता गालाच्या हाडाखाली सावली उतरते. तीच घोंगडी मागे टांगली की पार्श्वभूमीही होते. जुनी काळी छत्रीही चालते, आणि दुपारी डोक्यावरचे ऊन अडवण्याचे काम तीच करते.

टोपी, पदर आणि चष्मा यांमुळे डोळे दिसत नाहीत. काय करावे?

टोपी किंवा फेट्याची सावली पडत असेल तर माणसाला ती काढायला सांगू नये, कारण ती त्याच्या चेहऱ्याचाच भाग असते. माणूस खाली बसवावा, आपण उभे न राहता त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यावे आणि त्याला समोरच्या उजळ आकाशाच्या कडेकडे, म्हणजे थोडे वर पाहायला सांगावे. डोक्यावरून घेतलेला पदर उजेडाच्या बाजूने बोटभर मागे सरकवला तरी पुरते, पण तो त्या बाईंनी स्वतः सरकवावा. चष्म्यात आकाश दिसत असेल तर काड्या कानांवर किंचित वर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब निघून जाते. दोन्ही बुबुळांत वरच्या अर्ध्यात प्रकाशाचा ठिपका दिसला की मगच शटर दाबावे.

लेन्स, अ‍ॅपर्चर आणि मोबाइल?

फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, लहान सेन्सरवर ५० ते ५६ मिमी. चेहऱ्याची प्रमाणे लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे बदलतात, म्हणून पाच-सहा फुटांपेक्षा जवळ जाऊ नये. एफ/२.८ ते एफ/४ ठेवून जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. मोबाइलवर मुख्य कॅमेऱ्याऐवजी दुप्पट झूम निवडावे आणि पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेडाची पट्टी खाली आणावी. पोर्ट्रेट मोड नथीच्या आणि फेट्याच्या कडा पुसतो, तो टाळलेला बरा.

स्टुडिओ नसताना मोठ्या छायाचित्रकारांनी हे कसे साधले?

अमेरिकन छायाचित्रकार आयर्विंग पेन १९४८ मध्ये पेरूमधील कुझको येथे होते, तेव्हा त्यांनी तेथील एका छायाचित्रकाराचा नैसर्गिक प्रकाशाचा स्टुडिओ भाड्याने घेतला आणि गावकऱ्यांची चित्रे काढली. पुढे ते एका बाजूने उघडा असणारा तंबू घेऊन दूरदूरच्या देशांत फिरले. तंबूच्या उघड्या बाजूने येणारा प्रकाश आणि आत असलेली साधी पार्श्वभूमी ही रचना आपल्या ओसरीपेक्षा वेगळी नाही. अमेरिकेचेच छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात खाणकामगार, शेतमजूर, भटके अशा लोकांना सावलीत, पांढऱ्या कागदापुढे उभे केले आणि ८ बाय १० इंचांच्या फिल्मवर टिपले. उघड्यावर काढलेली ती चित्रे बंद स्टुडिओतली वाटतात, कारण त्यांत थेट ऊन कुठेच नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची उपलब्ध प्रकाशातील छायाचित्रेही या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहावीत.

फिल्म घरी धुताना आपल्या हवामानात काय काळजी घ्यावी?

डेव्हलपिंगचे तक्ते प्रामुख्याने २० अंश सेल्सिअस धरून केलेले असतात. एप्रिलमध्ये टाकीतील पाणी ३० अंशांच्या आसपास असते. तापमान वाढले की वेळ कमी होतो, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फिल्म एकसारखी धुतली जाण्याची खात्री नसते. घमेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात आणि डेव्हलपर, फिक्सर व धुण्याचे पाणी यांचे तापमान एकमेकांच्या जवळ ठेवावे. माठातले पाणी मिसळले तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. हिवाळ्याच्या पहाटे हे सगळे काही लागत नाही.

माणसाला कसे विचारावे आणि चित्राचे पुढे काय करावे?

कॅमेरा पिशवीत ठेवून आधी बोलावे. कोण, कुठले, चित्र कशासाठी आणि ते कुठे दिसणार, हे सरळ सांगावे. नाही म्हटले तर आभार मानून निघावे. लहान मुलांचे चित्र आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढू नये. पहिली दोन-चार चित्रे बहुधा ताठ येतात, ती येऊ द्यावीत. माणूस कॅमेऱ्यासाठी धरलेला श्वास सोडतो, तेव्हा खांदे उतरतात आणि ओठ सैल होतात. ते चित्र घ्यावे.

प्रत द्यायची कबूल केली असेल तर ती द्यावीच. फोनवर पाठवलेली प्रतिमा फोनबरोबर हरवते, म्हणून कागदावर छापून द्यावी. मॅट कागदावर गडद छटा पडद्यापेक्षा जास्त काळ्या येतात. छपाईआधी सावल्या थोड्या उचलाव्यात आणि आधी लहान चाचणी प्रत काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी. पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी. बॉलपेनची शाई दाबून लिहिल्यास पुढे उमटते. लॅमिनेट केलेली प्रत भिंतीवर लावली की चकाकते, पण पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरात कागद टिकवायचा तर काचेची चौकट परवडतेच असे नाही. अशा घरी मी दोन प्रती देतो, एक लॅमिनेट करून भिंतीसाठी आणि एक साधी, ट्रंकेत ठेवण्यासाठी.